नोटिफाय पार्टी

“कागदावर माझं नाव आहे ना? मग माल द्या!” व्यापारी फोनवर ओरडला.

“अहो शेठ, नाव नोटिफाय पार्टीच्या रकान्यात आहे. जहाज बंदराला लागलं की तुम्हाला कळवायचं, एवढंच. मालावर हक्क दुसऱ्याचा.” क्लिअरिंग एजंटच्या धंद्यात हेच सांगून सांगून घसा बसलाय माझा.

संध्याकाळी उरणला घरी पोचलो, तर बायको मोबाईल धरून दारातच उभी. रॉटरडॅमहून मुलाचा फोटो आला होता. गळ्यात हार, शेजारी नवरी. खाली लिहिलं होतं, ‘आई-बाबा, काल लग्न केलं. कळवतोय.’

“आपल्याला विचारलंसुद्धा नाही हो त्यानं.”

“आपण नोटिफाय पार्टी,” चपला काढत मी पुटपुटलो.

“म्हणजे काय?”

दिवसभर जगाला हेच समजावणारा मी तिला म्हणालो, “चहा टाक.”