उरलेला पेला
रिसोडच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचं तबक फिरवत शमुवेलदादा शेवटच्या बाकाशी थबकले. तिथं धाकटा भाऊ बसला होता. तो दारू पितो, अशी खोटी साक्ष दादांनीच रागाच्या भरात मंडळीपुढं दिली होती. तेव्हापासून तबक त्याला वगळून जायचं. दादा सगळ्यांना पेले द्यायचे, पण मनात पाप ठेवून तो घ्यायचा नसतो, म्हणून त्यांच्याही ओठांना तेव्हापासून द्राक्षरस लागला नव्हता. आज जीव कासावीस झाला. स्वतःच्या वाटणीचा इवला पेला त्यांनी भावापुढं धरला. “घे ना, बापू.” भावाचे डोळे भरले. “घेतो, दादा. पन आधी सर्वायपुढं खरं सांगून टाक.” दादांनी मंडळीकडं पाहिलं. ‘चुकलो’ जिभेवर येऊन तिथंच अडलं. पेला तबकात ठेवून ते वळले. उपासना संपून बाहेर पडताना मंडळीतल्या मार्थाबाई म्हणाल्या, “सर्वायले देतेत, सोता घेत नाई. लय नम्र मानूस!” दादांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि हात जोडले.