छत्रीची वेळ

लेकीची कबड्डीची फायनल टीव्हीवर नेमकी वडवणीच्या बाजारादिवशी आली. चुकायला नको म्हणून छबुबाईनं ती सेट-टॉप बॉक्सच्या डब्यात रेकॉर्डिंगला लावून ठेवली. पण छपरावरच्या डिशच्या छत्रीवरून डब्यात येणारी वेळच घड्याळाच्या पुढं पळत होती. रेकॉर्डिंग लवकर सुरू झालं आणि मॅच संपायच्या आधीच थांबलं. सत्यशीला तिघींना बाद करून परतते आणि तिची टीम पुढं जाते, बरोबर तिथं.

तेव्हापासून घरात पाऊल टाकील त्याला चहाच्या आधी कबड्डी.

सुट्टीला आलेली सत्यशीला पार शरमली. "आई, सगळ्यांला काय दाखवतीस ते? शेवटी हरलो ना आमी."

"ठावं हाय मला," पदरानं रिमोट पुसत छबुबाई म्हणाली. "पर जे डब्यानं घरात घेतलं न्हाई, ते मी कावून घेऊ?"