टेपकाकांचं स्टूल

स्टूल साहेबांच्या टेबलापेक्षा उंच निघालं.

स्टोअरकीपरनं ते दोन्ही हातांनी उचलून आत आणलं आणि बाकीच्या सामानाशेजारी टेकवलं. चष्मा, जेवणाचा डबा, छत्री, शिसं बांधलेली मोजायची टेप. बांधावरची चौकी उंचावर होती म्हणून एवढं तरी वाचलं. खालची वस्ती वाचली नव्हती. खाणीचा गाळ अडवून धरणारा मातीचा बांध अकरा दिवसांपूर्वी भर दुपारी फुटला होता, आणि त्याची राखण करणारे टेपकाका, आता टेबलासमोर बसलेल्या मुलीचे बाबा, त्याच गाळात गेले होते.

"हे काय ध्यान? आपलं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. टेपकाकांनी घरून आणलेलं. यादीत घातलंय, पाचवी वस्तू."

"मग नेऊ देत. इथे अडगळ नको."

यादी न वाचताच त्यांनी सही ठोकली, शिक्का मारला आणि एक प्रत तिच्याकडे सरकवली. पाठोपाठ दुसरा कागद आला. तो तिनं सावकाश वाचला. राखणदाराच्या रोजच्या नोंदींनुसार बांधातलं पाणी सुरक्षित पातळीवर होतं. घटनेच्या वेळी राखणदारानं नेमून दिलेली जागा सोडली होती. नोंदवहीतलं हस्ताक्षर त्यांचंच असल्याचं मी ओळखते. खाली तिच्या सहीसाठी ठिपक्यांची ओळ.

"जागा सोडली होती?"

"चौकीत नव्हते ना ते. दीड किलोमीटर खाली सापडले."

"वस्तीत सापडले. मुठीत शिट्टी होती."

"भावना समजतात, ताई. पण चौकशीवाले वाट बघतायत. सही केलीत की आमचंही सुटेल, तुमचंही."

"हस्ताक्षर ओळखायचं तर वही बघायला हवी."

साहेबांनी नाइलाजानं नोंदवही पुढे केली.

अक्षर बाबांचंच होतं. बांधात एक लोखंडी पाइप खोल पुरलेला होता. रोज सकाळी ते त्यात टेप सोडत, शिसं पाण्याला टेकलं की पाइपाच्या तोंडापासूनचे फूट मोजून लिहीत. बांधात पाणी चढलं की आकडा उतरायचा. तो दहाच्या आत आला तर गाळ सोडणं बंद, वस्ती रिकामी, असा नियम होता. वहीत दहा कुठेच नव्हतं. बारा, पावणेबारा, साडेअकरा, अकरा. मग एकदम बारा. वर्षभरात चारदा असं.

तिला आईचा आवाज आठवला. "अहो, माझं स्टूल कुठे चाललं?"

"पाइपाला वाढ लागलीय," बाबा म्हणाले होते. "आकडा अकरावर आला, तर वेल्डर येऊन वर फूटभर तुकडा जोडून गेला. माझी मान तिथे पोचायला नको?"

त्या दिवशी सगळे हसले होते. तीही हसली होती. आई तेवढी हसली नाही. "साहेबांना सांगितलंत का?"

"दोनदा सांगितलं. म्हणाले, टेपवर दिसेल ते लिहा, डोकं चालवू नका."

तिनं वही तशीच उघडी ठेवून स्टूल आडवं केलं. आईनं भाजी चिरायला घेतलेलं साधं स्टूल. त्याच्या चारही पायांना खालून फूट-फूटभर लाकूड जोडलेलं, एकाखाली एक, तीन वेळा. जोडावर पत्र्याची पट्टी. प्रत्येक पट्टीवर खिळ्यानं कोरलेली तारीख, वहीतल्यासारखीच उजवीकडे कललेली.

ती एकेक तारीख वाचत गेली आणि वहीत बोट ठेवत गेली. आदल्या दिवशी अकरा, त्या दिवशी बारा. पुन्हा अकरा, बारा. पुन्हा.

"पहिल्या तुकड्याला नुसतं स्टूल पुरलं," ती म्हणाली. "पुढच्या तीन तुकड्यांना हे तीन जोड. पाइप चार फूट वाढला, साहेब. शेवटची नोंद साडेअकराची आहे. त्यातून चार काढा. साडेसात उरतात."

साहेबांनी वही ओढून मिटली.

"ते स्टूल इथेच राहू द्या," ते म्हणाले. "कामावर वापरलेली वस्तू आहे. कंपनीची."

स्टोअरकीपर खाकरला. मग हातातली यादी डोळ्यांजवळ धरून, शाळेत धडा वाचावा तसा, खणखणीत वाचू लागला. "वस्तू पाचवी. स्टूल, लाकडी, उंच, एक नग. मयताची खाजगी. खाली सही, शिक्का, आजची तारीख."

"तुला विचारलं कुणी?"

"कुणीच नाही, साहेब. वर्षभर कुणीच विचारलं नाही."

तिनं दुसरा कागद ठिपक्यांच्या ओळीसकट टेबलावर ठेवला. यादीची प्रत घडी घालून ब्लाउजमध्ये खोचली, टेप आणि चष्मा डब्यावर ठेवून सगळं छत्रीसकट पिशवीत भरलं, आणि स्टूल खांद्यावर घेतलं. दारात त्याचे पाय चौकटीला अडकले. तिनं वाकून, तिरकं करून ते बाहेर काढलं. मदतीला पुढे आलेल्या शिपायाला तिनं मानेनंच नको म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात वस्तीतली माणसं आपापल्या घरच्यांचं सामान न्यायला रांगेत बसली होती. तिनं त्यांच्यामधे स्टूल उभं केलं. रांगेतल्या एका बाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या मांडीवर एकच छोटी चप्पल होती.

"एवढं उंच कशाला गं हे?"

"पाणी कुठवर आलंय ते बघायला, मावशी."

बाई उठली. स्टुलाला खेटून उभी राहिली. ते तिच्या छातीला लागत होतं.