बशीतल्या पेशी

“दोन मिनिटांचं काम आहे,” म्हणत लेकीनं दवाखान्यातून घरी जाता जाता आईला आपल्या प्रयोगशाळेत आणलं. आई स्टुलावर बसून अवघडली, तरी लेकीचं तोंड काही तिच्याकडे वळेना.

लेक पेशींना खायला घालत होती. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या पेशी! एका रानझुडपाच्या पानांतून काढलेलं द्रव्य टाकून त्या मरतात का, ते तिला बघायचं होतं. पण त्याआधी काय लाड, काय लाड! खाद्य कोमट केलेलं, राहायला उबदार कपाट, बशी उचलायची तीसुद्धा हळुवार हातानं. आईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हाच आजार तिलाही होता की!

“राहू देत की एक दिवस उपाशी,” ती म्हणाली. “मारायच्याच आहेत ना?”

“आधी धडधाकट हव्यात गं. नाहीतर औषधानं मेल्या की उपासानं, कसं कळणार?”

“मग ते औषध मलाच दे.”

“आई, ते अजून या बशीतच आहे. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील. आलं तर.”

लेक सूक्ष्मदर्शकावर वाकली आणि तिचा चेहरा खुलला. “काय छान वाढल्यात!”

आता मात्र आईला राहवेना. “मला हेवा वाटतो त्यांचा.”

“कॅन्सरचा हेवा? तू पण ना, आई!” लेक हसली.

“हसू नकोस. रिपोर्ट आल्यापासून डॉक्टरांशी बोलतेस, गोळ्या देतेस, उशी सारखी करतेस. माझ्या तोंडाकडे एकदा तरी असं बघितलंस?”

लेकीचं हसू मावळलं. तिनं हातमोजे काढले.

“नाही बघवत गं,” ती पुटपुटली. “त्यांच्याकडे बघायला भीती वाटत नाही. त्या मेल्या तर मला आनंदच होतो.”

मग तिनं स्टूल ओढलं, आईच्या पुढ्यात बसली आणि बघितलं. विरळ झालेले केस, बसलेले गाल, पिवळट पडलेले डोळे. बघतच राहिली.

एवढ्यासाठीच तर आई इतके दिवस झुरत होती. आणि आता तिलाच ती नजर सोसवेना.

“पुरे,” ती म्हणाली. “जा, ठेव त्यांना कपाटात. गारठतील बिचाऱ्या.”