तिघंही सुखरूप

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निवृत्त ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइलवरचं बटण एकदाचं दाबलं. ग्रूपमधल्या त्रेचाळीस माणसांची सकाळ झाली.

‘सुप्रभात! १९ सप्टेंबर. आजचा सुविचार: हसणाऱ्याच्या घरी दुःख फार वेळ बसत नाही. आजचा दिनविशेष: १७८३ साली आजच्याच दिवशी एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा गरम हवेच्या फुग्यातून आकाशात गेली. आठ मिनिटांनी तिघंही सुखरूप उतरली!’

स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोचा मोबाइल ओट्यावर थरथरला. तिनं हात पुसून तो उचलला. समोरच्या कॅलेंडरवर तारीख होती एकोणतीस. हाच मेसेज आज अकराव्यांदा आला होता.

त्याच्याखाली गुलाब यायला लागले. मग जोडलेले हात, मग अंगठे. ‘छान माहिती, सर.’ ‘ज्ञानात भर पडली.’ ही भर रोज पडत होती आणि रोज नवी होती. सहाव्या दिवशी तेवढं वाचनालयाच्या जुन्या शिपायानं लिहिलं होतं, ‘साहेब, नेट हळू चालतंय वाटतं.’ त्यावर चौघं हसली. तिला वाटलं होतं, आता कोणीतरी विचारेल. कोणी विचारलं नाही.

दोष कोणाला द्यायचा? आपलेच दात, आपलेच ओठ. वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर तीस वर्षं लिहिलेलं सगळं त्यांनी एका जाड वहीत उतरवलं होतं, दिवसाला एक पान. आजचं पान कोणतं, ते निळी फीत सांगायची. मेसेज गेला की फीत पुढच्या पानात टाकायची, एवढंच काम. वर्षापूर्वी ते काम त्यांच्या लक्षात राहीनासं झालं, तेव्हा तिनं गुपचूप आपल्याकडे घेतलं. संध्याकाळी ते बागेत गेले की ती फीत सरकवायची. चारचौघांत त्यांचं हसं होऊ नये, बस. अठरा तारखेला तिनं ती शेवटची सरकवली आणि मग सोडून दिली. कोणाच्या तरी लक्षात यावं म्हणून.

साडेसातला तिनं मुलाला फोन लावला. तो या वेळी गाडीत असतो, म्हणजे निदान उचलतो.

“बोल आई. पटकन बोल, सिग्नलला आहे.”

“बाबांना डॉक्टरकडे न्यायला हवं रे. माझं ते ऐकत नाहीत. तू ये दोन दिवस.”

“पुन्हा तेच? अगं, त्यांचं डोकं माझ्यापेक्षा जास्त चालतंय. रोज सकाळी सहाला मेसेज असतो. वर्षभरात एक तारीख चुकलेली नाही. मी ऑफिसात सांगतो सगळ्यांना.”

“आज काय पाठवलंय?”

“ते... ऐतिहासिक होतं ना काहीतरी. मस्त होतं. मी गुलाब टाकला.”

“अकरा दिवस एकच मेसेज येतोय. तारीखसुद्धा तीच. बघ तू.”

पलीकडून हॉर्न ऐकू आले. तो बघत असावा. तिनं मोबाइल कानाशी घट्ट धरला.

“अरे हो की!” तो म्हणाला. “असं कसं झालं?”

तिला एकदम रडू आलं. तिनं ते गिळलं आणि सगळं सांगून टाकलं. वही, फीत, वर्षभर कोण सरकवत होतं, आणि आता का नाही.

तो मोकळेपणानं हसला.

“म्हणजे चूक तुझीच की, आई! मी घाबरलो ना उगाच. सरकव ती फीत उद्यापासून, झालं. चल, सिग्नल सुटला.”

फोन बंद झाला. एवढं सांगून पालथ्या घड्यावर पाणी. ती ओट्याला टेकून उभी राहिली. बोलण्याच्या नादात उतू गेलेलं दूध तिनं पुसलं नाही.

“अगं, आहेस कुठे?” वही छातीशी धरून ते दारात आले. डोळे लकाकत होते. “गंमत सांगू? तुझा विश्वास बसणार नाही. आजच्याच दिवशी, एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा...”

दहा दिवस ती ‘अय्या, खरंच?’ म्हणाली होती. आज तोंडातून ते निघेना. ते फुग्यापर्यंत आले, आठ मिनिटांपर्यंत आले, आणि तिच्या कौतुकासाठी थांबले.

“तिघंही सुखरूप उतरली,” त्यांनी आठवण करून दिली.

“वर असताना त्यांना काय वाटलं असेल हो?” तिनं विचारलं.

ते गोंधळले. असा प्रश्न वाचनालयात कधी कोणी विचारला नव्हता. त्यांनी वही उघडली, पानावरून बोट फिरवलं, पान उलटून मागची बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली.

“त्याची नोंद नाही,” ते ओशाळून म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईनं म्हणाले, “पण तू काळजी करू नकोस. उद्या शोधून सांगतो.”

त्यांनी फीत नीट, सुरकुती न पडू देता, त्याच पानात ठेवली आणि वही मिटली.