नावाने हाक

गंगाखेडच्या खालच्या अंगाला गोदावरीने एक वळण सोडून दिले होते, आणि तिथे दलदल उरली होती. निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षी वीरुपाक्ष छपरासाठी तिथला लव्हाळा कापायला जाऊ लागला. परतायला त्याला रोज उशीर होई.

"कोन हाय तिकडं?" त्याची बायको शांतम्मा विचारी.

"बगळ्या हायत. लय गोऱ्या!" तो हसे.

एका दुपारी ती त्याच्या मागोमाग गेली. लव्हाळ्याआडून बाईचा आवाज आला, "वीरुपाक्षा!"

शांतम्माच्या अंगाची आग झाली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचे नाव एकदाही उच्चारले नव्हते. आणि ही मेली त्याला एकेरीत बोलावत होती.

वीरुपाक्ष आवाजाच्या रोखाने चालत राहिला. चिखल त्याच्या गुडघ्यांवर आला, मग कमरेला लागला.

"अवं, ऐका की! मागं फिरा!" शांतम्मा ओरडली. त्याने मान वळवली नाही.

शेवटी तिने रीत मोडली. "वीरुपाक्षा!"

तो थांबला. त्याने वळून तिला आपादमस्तक न्याहाळले.

"शांतम्मा तर तिकडून बोलवायलीय," तो म्हणाला. "तुमी कोन वो, बाई?"