तिरपं कीर्तन

“काय म्हणालीस? अशी समोर ये आणि मोठ्यानं बोल,” काशीरामअण्णा म्हणाले.

मानसी पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली. सोफ्यावर तिचे सासू-सासरे शेजारी शेजारी बसून करंज्यांचे डबे भरत होते.

“अण्णा, मी विचारलं, भांडुपच्या आत्यांकडे आज जायचंय की उद्या?”

अण्णांनी कानामागे हात धरला. उत्तर नेहमीप्रमाणे सुगंधामाईंनी दिलं. “आजच गं. उद्या कॅरोलवाली मंडळी आपल्याकडे येणार ना!”

नाताळच्या दिवसांत मुलुंडच्या त्या घरात असंच चालायचं. माणसांची रीघ, फराळाची ताटं आणि प्रत्येक वाक्य दोनदा. मस्कतहून मानसीच्या नवऱ्याचा, राजेशचा फोन आला तरी अण्णांचा हट्ट एकच, चेहरा दाखव. “नुसता आवाज घेऊन काय करू?” मग माई मोबाईलला नाक लावून मुलाशी पोटभर बोलायच्या आणि अण्णा बाजूला बसून हसायचे.

संध्याकाळी बेल वाजली. अण्णांनीच उठून दार उघडलं. दारात नंदू होता. चर्चच्या मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी, आणि अण्णांच्या कीर्तनाचा तबलजी.

“जय ख्रिस्त! बेल बरी ऐकू आली, अण्णा?”

“काय?” अण्णा म्हणाले.

नंदूनं करंजी खाल्ली, माईंची तारीफ केली आणि निघताना मानसीला जिन्यात बोलावलं.

“वहिनी, मला पण वाईट वाटतंय. पण यंदा कीर्तनात गडबड झाली, तर पुढच्या नाताळला घाटकोपरचा प्रज्योत करणार. कमिटीत तसं बोलणं झालंय.”

“असं कसं, नंदूभाऊ? वर्षभर ते या एका दिवसाची वाट बघतात. कीर्तन गेलं तर जीव जाईल त्यांचा.”

“मग काय करू, सांगा! गेल्या वर्षी मध्येच लाइट गेली तेव्हा कशी वाट लागली आठवतंय ना? पेटी एकीकडे, अण्णा भलतीकडे. आणि ते तिरपं उभं राहणं! कीर्तनकारानं लोकांना तोंड दाखवावं की खांदा?”

अण्णा पेटीकडे अर्धे वळून उभे राहतात, कारण त्यांना ती ऐकू येत नाही, माईंची बोटं बघून ते सूर धरतात, हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. माईंची बोटं मात्र पक्की. त्याबद्दल कुणाला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं धीर करून विषय काढला. “अण्णा, यंदा सरळ उभे राहाल? लोकांकडे बघून?”

तिला ते दोनदा सांगावं लागलं. माईंनी चटकन अण्णांकडे पाहिलं.

“देवाला आपली कुठलीही बाजू चालते गं,” अण्णा म्हणाले आणि डब्याचं झाकण लावू लागले.

नाताळच्या दुपारी चर्च भरून गेलं. अण्णांनी फेटा बांधला होता, हातात चिपळ्या होत्या. डाव्या हाताला माई पेटीवर, त्यांच्या पलीकडे नंदू. अण्णा उभे राहिले ते तिरपेच. पण पूर्वरंग असा रंगला की खांद्याची आठवण कुणाला राहिली नाही.

“गोठा म्हणू नका हो त्याला!” अण्णा म्हणाले. “प्रत्यक्ष स्वर्ग तिथे भाड्यानं राहायला आला होता. आणि मुंबईकरांनो, डिपॉझिट न देता!”

बाकं हसली. पुढच्याच ओळीला त्याच बाकांवर डोळे पुसले जात होते. मानसीला हायसं वाटलं.

मग रिवाजाप्रमाणे मध्ये हार घालायला पाळकसाहेब पुढे झाले. हार घातला, मिठी मारली आणि मोठ्या प्रेमानं दोन्ही खांदे धरून त्यांनी अण्णांना मंडळीकडे सरळ केलं. “असं दर्शन द्या आम्हाला!” टाळ्या पडल्या. पाळकसाहेब कौतुकानं तिथंच उभे राहिले. अण्णांना वळता येईना.

उत्तररंग सुरू झाला. मेंढपाळ डोंगर उतरू लागले आणि पेटी सुटली. अण्णा दुसऱ्या कडव्यावर, पेटी अजून पहिल्यावर. नंदूनं ठेका जोरात धरला, पण व्हायचं ते झालं. पुढच्या बाकांवरच्या माना खाली गेल्या. मानसीनं डोळे मिटले.

अण्णा थांबले. पुन्हा तिरपे झाले. माईंकडे बघत त्यांनी ओळ अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हटली. पेटी जुळली. मेंढपाळ बाळाजवळ पोचले, आरती झाली.

नंतर आवारात प्रीतिभोजनाची पंगत बसली. अण्णा खुर्चीवर ताट घेऊन बसले होते. समोरच्या टेबलामागे माई रस्सा वाढत होत्या, येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून गोड हसत होत्या. नंदू अण्णांच्या खुर्चीमागे मानसीजवळ येऊन उभा राहिला.

“ठरलं, वहिनी,” तो कुजबुजला. “पुढच्या वर्षी प्रज्योत. अण्णांना तुम्हीच सांगा.”

“आज नको. सणाचा दिवस आहे.” मानसी इतक्या हळू बोलली की तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं. “आणि माईंचं काय?”

“त्यांना कोण काढतंय? प्रज्योतच्या मागे बसून वाजवतील की.”

पलीकडे माईंचा डाव हवेतच थांबला. त्या टक लावून इकडेच बघत होत्या.

अण्णांनी मागे वळूनही पाहिलं नाही. भात कालवता कालवता ते हलक्या आवाजात म्हणाले, “मानसी, नंदू, आधी तिच्याकडे पाठ करा. ती ओठ वाचते.”